संत गोन्सालो गार्सिया

संत गोन्सालो गार्सिया (जन्म : इ.स. १५५७ च्या सुमारास, वसई. मृत्यू : ५ फेब्रुवारी, इ.स. १५९७, नागासाकी, जपान) हे फ्रान्सिस्कन संघाचे बंधू, दुभाषे व धर्मशिक्षक होते. जपानमध्ये क्रूसावर मारल्या गेलेल्या २६ ख्रिस्ती हुतात्म्यांपैकी ते एक होत. कॅथलिक चर्चने संतपद दिलेली भारतात जन्मलेली ही पहिली व्यक्ती. दुःखाच्या ऐन क्षणीही प्रार्थनेत आनंद टिकतो, या ख्रिस्ती श्रद्धेतील जुन्या शिकवणुकीचे उदाहरण म्हणून त्यांचे नाव आजच्या पालघर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात घेतले जाते.

== जन्म व बालपण ==

गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याशी इ.स. १५३४ मध्ये झालेल्या तहानंतर वसई पोर्तुगीजांकडे आली. पुढे दमणपर्यंतच्या किनाऱ्यावर त्यांचा अंमल बसला आणि माहीम, तारापूर येथे त्यांचे किल्ले उभे राहिले. सातपाटी, दांडी यांसारख्या मच्छिमार गावांच्या या पट्टीची राजधानी वसई होती. तिथल्या कोटात व्यापारी, सैनिक आणि निरनिराळ्या संघांचे धर्मगुरू यांची वर्दळ असे.

गोन्सालो यांचा जन्म याच वस्तीत झाला. वडील पोर्तुगीज सैनिक व आई स्थानिक, अशी परंपरेने चालत आलेली माहिती आहे. त्यांच्या वंशाविषयी पुढे बराच वाद झाला. पोर्तुगीज लेखकांना ते पोर्तुगीज वाटले, तर वसईकरांनी त्यांना आपला मानले. जन्मभूमी वसई, याविषयी मात्र दुमत नाही.

त्यांचे शिक्षण वसईच्या कोटातील येशूसंघीयांच्या (जेज्वीट धर्मगुरूंच्या) विद्यालयात झाले. तेथील फादर सेबास्तियांव गोन्साल्व्हिस यांचा त्यांच्यावर विशेष लोभ होता. त्यांच्याच सोबतीने वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास गोन्सालो जपानला गेले.

== जपान, व्यापार आणि मनिला ==

जपानी भाषा त्यांनी फार लवकर आत्मसात केली. सुमारे आठ वर्षे ते येशूसंघीयांचे धर्मशिक्षक म्हणून गावोगाव हिंडले. त्या संघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनापासून इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही. आपल्याला हवी ती सेवा करता यावी म्हणून कष्टाने भाषा शिकलेल्या तरुणाला हा नकार किती लागला असेल, याची कल्पना करता येते. त्यांनी ते काम सोडले व व्यापार धरला. जपानी भाषेचे ज्ञान आणि लोकांशी जुळवून घेण्याचा स्वभाव यांमुळे त्यात त्यांना चांगले यश मिळाले. चरित्रकार हा कालखंड दोन-चार ओळींत उरकतात. परंतु पुढे जे घडले ते समजण्यासाठी तो महत्त्वाचा आहे. गोन्सालो यांनी संन्यस्त जीवन पत्करले ते दारिद्र्याला कंटाळून नव्हे. हाती पैसा खेळत असताना त्यांनी तो सोडला.

व्यापाराच्या निमित्ताने फिलिपाईन्समधील मनिला शहराशी त्यांचा संबंध आला. तिथे स्पॅनिश फ्रान्सिस्कन बंधूंचा मठ होता. या संघाचे मूळ पुरुष असिसीचे संत फ्रान्सिस. त्यांच्या शिकवणुकीत दारिद्र्य आणि आनंद या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत. फ्रान्सिस यांच्या नावावर एक बोधकथा सांगितली जाते. थंडीपावसात भिजून, भुकेने व्याकूळ होऊन आपल्याच मठाच्या दाराशी यावे, द्वारपालाने ओळख न दाखवता हाकलून द्यावे, आणि तरीही मनाची शांती ढळू नये. पूर्ण आनंद तो हाच, असे ती कथा सांगते. एका संघाच्या दारातून परत फिरलेल्या गोन्सालो यांना या शिकवणुकीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागला नसेल. ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपदाची दीक्षा त्यांनी घेतली नाही.

== क्योतोतील कार्य ==

इ.स. १५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठविले. त्याचे प्रमुख फादर पेद्रो बाप्तिस्ता होते व दुभाषे म्हणून गोन्सालो सोबत होते. हिदेयोशीसमोर उभे राहून स्पॅनिश पक्षाचे म्हणणे जपानीत मांडण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. हिदेयोशीने या बंधूंना क्योतोत राहण्याची परवानगी व जागा दिली. तिथे त्यांनी लहानसे चर्च, मठ आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उभारली. समाजाने टाकलेल्या रोग्यांची शुश्रूषा करणारे हे अनवाणी परदेशी लोकांच्या कुतूहलाचा विषय झाले.

येथे एक वादाचा प्रश्न येतो. धर्मप्रचारकांनी देश सोडावा, असा हिदेयोशीचा हुकूम इ.स. १५८७ पासून होता. त्याची अंमलबजावणी मात्र ढिलाईने होत असे. येशूसंघीय त्यामुळे जपून, शक्यतो गाजावाजा न करता उपासना चालवीत. फ्रान्सिस्कनांनी तसे केले नाही. त्यांची मिस्सा उघडपणे होई आणि स्तोत्रगायनही चाले. उपासनेतला आनंद चारचौघांत प्रकट व्हावा, ही त्यांच्या संघाची रीत होती. या उघडपणानेच संकट ओढवले, असा ठपका तेव्हाच ठेवला गेला. त्याला फ्रान्सिस्कनांनी दिलेली उत्तरेही तितकीच कडक आहेत. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. कारण परदेशी बंधूंबरोबर त्यांच्या उपासनेला येणारे जपानी सुतार, स्वयंपाकी आणि लहान मुलेही पुढे मारली गेली. मात्र संकटाचे तात्कालिक कारण उपासना नव्हती, तर एक जहाज होते.

== अटक व प्रवास ==

इ.स. १५९६ च्या ऑक्टोबर महिन्यात मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. त्या वादात स्पेनचा राजा आधी धर्मगुरू पाठवतो व मागून सैन्य, अशी समजूत हिदेयोशीची करून देण्यात आली किंवा झाली. डिसेंबरमध्ये त्याने क्योतो व ओसाका येथील बंधूंना पकडण्याचा हुकूम काढला.

३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोत २४ कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता. अंमलबजावणी करणारा अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो सौम्य केला. नंतर गाड्यांत बसवून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात त्यांना नागासाकीकडे नेण्यात आले. हा प्रवास सुमारे महिनाभर चालला. वाटेत त्यांची काळजी वाहण्यासाठी मागोमाग आलेल्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी कैद्यांत सामील केले आणि संख्या २६ झाली. त्यांत ६ फ्रान्सिस्कन, ३ जपानी येशूसंघीय व १७ जपानी प्रापंचिक होते. कैदी वाटेने स्तोत्रे म्हणत चालले होते, असे परंपरा सांगते.

== नागासाकी, ५ फेब्रुवारी १५९७ ==

नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर २६ क्रूस आडवे मांडून ठेवले होते. त्या दिवसाचा वृत्तांत पोर्तुगीज येशूसंघीय लुईस फ्रोईस यांनी काही आठवड्यांतच लिहून काढला. फ्रान्सिस्कन बंधू मार्सेलो दे रिबादेनेयरा यांचा जपानमधील घटनांचा इतिहास इ.स. १६०१ मध्ये बार्सिलोना येथे छापला गेला. दोन्ही संघांत स्पर्धा असूनही हुतात्म्यांच्या प्रसन्नतेविषयी त्यांच्या वृत्तांतांत मतभेद नाही, ही बाब इतिहासाच्या अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहे.

वृत्तांतानुसार टेकडीवर सर्वांत आधी गोन्सालो पोहोचले. ते थेट एका क्रूसाकडे गेले आणि हा आपला का, असे त्यांनी विचारले. तो नाही, असे सांगून शिपायांनी त्यांना दुसऱ्या क्रूसाकडे नेले. गोन्सालो यांनी गुडघे टेकून त्याला मिठी मारली. मागून आलेल्यांनी एकेक करून तसेच केले. १२ वर्षांचा लुईस इबाराकी यानेही आपला क्रूस कोणता हे विचारून घेतले.

जपानी पद्धतीनुसार दोर व लोखंडी कड्यांनी बांधून क्रूस एकदम उभे करण्यात आले. आंतोनियो नावाच्या मुलाने बालकांनी देवाची स्तुती करावी अशा आशयाचे स्तोत्र म्हणण्यास सुरुवात केली. पॉल मिकी यांनी क्रूसावरूनच जमावाला उपदेश केला. गोन्सालो मोठ्याने प्रभूची प्रार्थना व नमो मरिया म्हणत होते. धर्मगुरू व विद्वान बंधू लॅटिन स्तोत्रे गात असताना वसईच्या या बंधूच्या ओठी लहानपणी पाठ झालेल्या साध्या प्रार्थना होत्या. थोड्याच वेळात दोन्ही बाजूंनी भाले खुपसून सर्वांना ठार करण्यात आले.

== आनंदाचा अर्थ ==

हुतात्म्यांची चरित्रे पुढच्या पिढ्यांच्या भक्तीसाठी लिहिलेली असतात. त्यांत वेदना झाकण्याकडे कल असतो. त्यामुळे या आनंदाचा अर्थ जपून लावावा लागतो. कान कापला जात असताना गोन्सालो यांना दुखले नाही, किंवा कुष्ठरोग्यांना आता कोण पाहील ही चिंता वाटली नाही, असे मानण्याचे कारण नाही. ख्रिस्ती परंपरेत आनंद म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. संत पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र तुरुंगातून लिहिलेले आहे आणि नव्या करारात आनंद करण्याचा सर्वांत आग्रही उपदेश त्याच पत्रात सापडतो. त्या उपदेशाला लागूनच चिंता सोडून उपकारस्तुतीसह प्रार्थना करावी असे सांगितले आहे. म्हणजे आनंद ही प्रार्थनेपूर्वीची मनःस्थिती नसून प्रार्थनेतून येणारी गोष्ट ठरते. या दृष्टीने पाहता क्रूसापाशी धावत जाणे हे साहस कमी आणि अनेक वर्षांच्या सवयीचे फळ अधिक दिसते. ज्याने दोनदा आपले आयुष्य नव्याने मांडले, त्याला तिसऱ्यांदा ते सोडणे जमले.

== संतपद व स्मृती ==

पोप आठवे अर्बन यांनी इ.स. १६२७ मध्ये या हुतात्म्यांना धन्यवादित घोषित केले. पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संतपद दिले. संतपदाच्या शताब्दीच्या वर्षी, इ.स. १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर स्मारक व संग्रहालय उभारण्यात आले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी २६ जणांना ब्राँझमध्ये एका ओळीत उभे केले आहे.

गोन्सालो यांची भक्ती सर्वांत दूर पोहोचली ती ब्राझीलमध्ये. मिश्र वंशाच्या, ‘पार्दो’ म्हणविल्या जाणाऱ्या लोकांना तिथे कमी लेखले जाई. मिश्र रक्ताचा संत असतो हे दाखविण्यासाठी त्यांनी गोन्सालो यांना आपले आश्रयदाते मानले. इ.स. १७४५ मध्ये रेसिफे शहरात त्यांचा मोठा उत्सव झाला. वसईत ज्या वंशाविषयी वाद घातला गेला, तोच वंश तिथे अभिमानाचा विषय बनला.

त्याच शतकात, इ.स. १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि कोटातील बहुतेक चर्च कालांतराने ओस पडली. आज वसई तालुक्यातील गास येथील चर्च त्यांच्या नावाने आहे व महाविद्यालयालाही त्यांचे नाव दिलेले आहे. कोटातील येशूसंघीयांचे पवित्र नामाचे चर्च नंतर दुरुस्त करण्यात आले. गोन्सालो ज्या विद्यालयात शिकले ते याच संघाचे. हे चर्च आता संत गोन्सालो गार्सिया चर्च म्हणून ओळखले जाते आणि त्यांच्या सणाला तिथे मिस्सा होते.