अणूंचा रोजमेळ लिहिणारा माणूस

साताऱ्याच्या शाखेत असताना आम्ही लेजर हाताने लिहीत असू. महिनाअखेरीला बॅलन्सिंग जुळले नाही, तर रात्री दहापर्यंत घर नाही. पुढे सांगलीला बदली झाली आणि शाखेत संगणक आला. आता आपल्या डोक्याचे काय काम, ही धास्ती मी घेतली होती. निवृत्तीनंतर डॉ. अनीसुर रहमान यांच्याविषयी वाचले आणि त्या धास्तीचे हसू आले.

रहमान हैदराबादचे, जन्म १९२७ चा. केंब्रिजला शिकले, बेल्जियममधील लुव्हेन विद्यापीठाची डॉक्टरेट घेतली, उस्मानिया विद्यापीठात शिकवले आणि १९६० साली शिकागोजवळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत गेले. त्यांना पडलेला प्रश्न वरकरणी साधा होता. स्फटिकात अणू आपापल्या जागी बसतात, वायूत मोकळे भटकतात. मग द्रवाच्या दाटीत ते कसे हलतात?

१९६४ साली त्यांनी द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू संगणकात मांडले. आधीच्या संशोधकांनी टणक गोळ्यांचा हिशेब केला होता. रहमान यांनी अणूंमधली खरी ओढ आणि ढकल धरली. कोण कुणाला किती ओढतो ते काढायचे, सर्वांना किंचित पुढे सरकवायचे, पुन्हा सारा हिशेब. एक पाऊल म्हणजे सेकंदाचा शंभर लाख कोटीवा भाग! अशा पावलांमागून पावले टाकल्यावर आलेली उत्तरे प्रत्यक्ष प्रयोगांशी चांगली जुळली. आमच्या भाषेत, बॅलन्सिंग जुळले.

१९७१ मध्ये फ्रँक स्टिलिंजर यांच्यासह त्यांनी पाण्याचे २१६ रेणू असेच मांडले. माहुलीपासून सांगलीच्या घाटापर्यंत मी जन्मभर पाहिलेल्या कृष्णेच्या थेंबाथेंबात हीच लगबग चालू असते, हे मला मात्र साठीत कळले. १९८० च्या सुमारास मिशेल पारिनेल्लो यांच्याबरोबर त्यांनी अशी रीत काढली, की दाबाखाली स्फटिकाचा आकार कसा बदलतो तेही संगणकात पाहता येऊ लागले.

१९८७ साली, साठी गाठण्याआधीच, ते गेले. आज नवी औषधे आणि नवे पदार्थ शोधताना जगभर हीच पद्धत वापरतात. अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांची संस्था १९९३ पासून त्यांच्या नावाने पारितोषिक देते. आपल्या घरांत मात्र हे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही.

बेरजा यंत्राने केल्या, पण कशाची बेरीज करायची हे त्या माणसाने ठरवले. सांगलीच्या त्या शाखेत मला एवढे उमगले असते, तर संगणकासमोर मी निर्धास्त बसलो असतो.