हॅरी फर्ग्युसन : नांगर आणि ट्रॅक्टर एक करणारा माणूस

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारल्या असतील असं समजून वाचावं. मराठी विभागात कविता द्यायची सोडून ट्रॅक्टरवर काय लिहितेस, हेही हॉस्टेलवर मला विचारून झालंय. त्याचं उत्तर मामाच्या शेतात आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मी वाळवा तालुक्यात मामाकडे गेले होते. मामाचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयाने मोठा. पावसाळाभर उघड्यावर उभा राहिला आणि त्याची लिफ्ट बंद पडली, म्हणजे मागचा नांगर वर उचलला जाईना. गावातले मिस्त्री बघायला आले, तेवढ्यात शेजाऱ्यांची शेणखताची ट्रॉली चिखलात रुतली. मामाने साखळी घेतली आणि ट्रॅक्टरच्या मागे वरच्या बाजूला, टॉप लिंकच्या ब्रॅकेटला बांधली. मिस्त्री ओरडतच धावले आणि त्यांनी आधी साखळी सोडायला लावली. ओढ मागच्या अॅक्सलच्या वर लागली, ट्रॉली हलली नाही आणि चाकंही घसरली नाहीत, तर ट्रॅक्टर स्वतःच अॅक्सलभोवती फिरतो. पुढची चाकं उचलतात आणि उडी मारायच्या आत चालक खाली सापडतो. ओढायचं ते नेहमी खालच्या हुकाला बांधून. थिअरी ऑफ मशिन्समध्ये मला चांगले मार्क आहेत, पण साखळी बांधताना मी शेजारी उभी राहून नुसती बघत होते!

मग लिफ्टचं काम निघालं. पंप गेला असं सगळ्यांनी धरलं होतं. मिस्त्रींनी आधी ऑईल काढलं, तर ते दुधाच्या चहासारखं. पावसाचं पाणी आत गेलेलं, जाळी गाळाने भरलेली. जाळी धुतली, नवीन ऑईल भरलं, लिफ्ट वर! चूक आमच्या निष्काळजीपणाची होती, पंप ठणठणीत होता. हात पुसत मिस्त्रींनी मला विचारलं की ही तीन दांड्यांची युक्ती पहिल्यांदा कुणाच्या डोक्यातून आली? इंजिनिअरिंगच्या ताईला माहीत असणारच. ताईला माहीत नव्हतं.

परत आल्यावर लायब्ररीत बसले आणि हॅरी फर्ग्युसन भेटला.

हॅरीचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ चा, आयर्लंडच्या काउंटी डाउनमधल्या ग्रोवेल या गावचा. घरी शेती, भावंडं अकरा. शेतातल्या कष्टांचा त्याला मनापासून कंटाळा होता. १९०२ साली तो बेलफास्टला भावाच्या सायकल आणि मोटार दुरुस्तीच्या दुकानात लागला. म्हणजे आपला हिरो मूळचा गॅरेजवाला. मोटरसायकलच्या शर्यतींत भाग घ्यायचा. विमानाचं वेड लागलं तेव्हा स्वतःच विमान बांधलं आणि ३१ डिसेंबर १९०९ ला ते उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं विमान उड्डाण. पुढे १९११ मध्ये त्याने बेलफास्टमध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा सुरू केला. विली सँड्स हा हुशार मेकॅनिक त्याला तिथेच मिळाला. हॅरीच्या पुष्कळ कल्पना सँड्सच्या हातांनी लोखंडात उतरल्या.

मग पहिलं महायुद्ध आलं. अन्नधान्याची टंचाई झाली, जास्त जमीन नांगरायची होती. १९१७ मध्ये सरकारने आयर्लंडमधल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारण्याची जबाबदारी हॅरीवर दिली. तो सँड्सला घेऊन शेतोशेत फिरला. त्याला दिसलं की ट्रॅक्टर नवा, पण नांगर अजून घोड्याचाच! घोडा सोडला आणि त्या जागी साखळीने ट्रॅक्टर बांधला. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टर मागे उलटायचा आणि माणसं मरायची. चाकांना पकड हवी म्हणून कंपन्या ट्रॅक्टर जड करत होत्या, आणि जड ट्रॅक्टरखाली माती दबून घट्ट होत होती. हॅरीने ठरवलं की ट्रॅक्टर आणि नांगर या दोन वस्तू नाहीतच, दोन्ही मिळून एक मशीन आहे. आधी सांधा बदलायचा.

पहिला प्रयत्न बेलफास्ट नांगर. तो थेट ट्रॅक्टरला जोडलेला होता. त्यानंतर वर्षानुवर्षं सुधारणा चालल्या. हायड्रॉलिक नियंत्रणाचं पेटंट १९२६ चं. १९३३ मध्ये त्याने स्वतःचा ट्रॅक्टर बनवला आणि काळ्या रंगात रंगवला. तो ब्लॅक ट्रॅक्टर आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

आता ती युक्ती. खाली दोन दांड्या, वर एक, असा त्रिकोण. खालच्या दोन नांगर ओढतात. जमीन कडक लागली की नांगर पुढे कलू बघतो आणि वरची दांडी ट्रॅक्टरकडे ढकलली जाते. तिथे एक स्प्रिंग असते. ती दबली की हायड्रॉलिकचा व्हॉल्व्ह हलतो आणि नांगर किंचित उचलला जातो. नांगराचं आणि मातीचं ओझं मागच्या चाकांवर येतं, पकड वाढते. म्हणजे जमीन जितकी कडक, तितका हलका ट्रॅक्टर जड झाल्यासारखा वागतो. शिवाय वरची दांडी पुढे रेटत असल्यामुळे ट्रॅक्टरचं तोंड उठत नाही. कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात आपण फीडबॅकच्या चौकटी काढतो, त्या या माणसाने शेतात चालवून दाखवल्या.

गंमत अशी की सांधे जोडणाऱ्या या माणसाचं भागीदारांशी मात्र कधी जुळलं नाही. १९३६ पासून डेव्हिड ब्राउनने त्याचे ट्रॅक्टर बनवले, पण पटलं नाही. ऑक्टोबर १९३८ मध्ये तो ट्रॅक्टर घेऊन अमेरिकेत हेन्री फोर्डकडे गेला. शेतात प्रात्यक्षिक झालं, टेबलावर स्प्रिंगचं छोटं मॉडेल ठेवून त्याने तत्त्व समजावलं, आणि दोघांनी हातात हात दिला. कागद नाही, वकील नाही. फोर्डने बनवायचे, फर्ग्युसनने विकायचे. तीन लाखांच्या आसपास ट्रॅक्टर निघाले. पुढे कारभार फोर्डच्या नातवाकडे गेला. त्याने १९४७ मध्ये करार मोडला, पण ही पद्धत वापरणं सोडलं नाही. हॅरीने २५ कोटी डॉलर्सहून जास्त रकमेचा दावा लावला. १९५२ मध्ये ९२.५ लाख डॉलर्सवर तडजोड झाली. हस्तांदोलनाची किंमत!

तोपर्यंत कॉव्हेंट्रीत १९४६ पासून त्याचा छोटा करडा टीई-२० बनू लागला होता. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त निघाले. एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच ट्रॅक्टरांवर. आजही हौशी लोक ते जपतात, छोट्या शेतांत आणि बागांत चालवतात. त्यांना माहीत असलेली एक गोष्ट आपल्यालाही उपयोगी पडेल. या ट्रॅक्टरात हायड्रॉलिक पंप पीटीओच्या शाफ्टवर चालतो. पीटीओचा लिव्हर टाकला नसेल तर लिफ्ट हलणारच नाही. पंप खोलण्याआधी लिव्हर बघा!

१९५३ मध्ये हॅरीने धंदा मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. किमतीत दहा लाख डॉलर्सचा फरक राहिला, तो नाणं उडवून मिटवला. हॅरी हरला. तिथेही फार टिकला नाही आणि बाहेर पडला. नंतर त्याने फोर व्हील ड्राइव्हच्या गाड्यांचं काम हाती घेतलं. शेवटच्या वर्षांत त्याला नैराश्याने ग्रासलं. २५ ऑक्टोबर १९६० ला तो गेला. पुढच्याच वर्षी त्याच्या कंपनीच्या फोर व्हील ड्राइव्ह रेसिंग कारने स्टर्लिंग मॉसने औल्टन पार्कची शर्यत जिंकली. ते बघायला हॅरी नव्हता. ज्या वर्षी तो गेला, त्याच वर्षी मद्रासमध्ये टॅफे कंपनी स्थापन झाली आणि मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर भारतात बनू लागले.

आज कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर घ्या, अगदी द्राक्षबागेतला मिनी ट्रॅक्टरसुद्धा, मागे तीन दांड्या असतातच. नांगर, रोटाव्हेटर, फवारणीचा पंप, सगळं त्याच तीन ठिकाणी जोडलं जातं.

सेमिस्टर संपल्यावर मी मामाकडे गेले आणि मिस्त्रींना ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, हा माणूस आधी काय करायचा? दुरुस्तीच्या दुकानात होता म्हटल्यावर ते खूश झाले. म्हणाले, वाटलंच होतं.

मित्रांनो, आपण वर्कशॉपचा जॉब सीनियरकडून घेऊन सबमिट करतो (मीही केलाय, सर वाचत असतील तर क्षमस्व). हॅरीला जे दिसलं ते दुसऱ्याच्या शेतात, बिघडलेल्या ट्रॅक्टरपाशी उभं राहून दिसलं. या उन्हाळ्यात ट्रेनिंग संपलं की पंधरा दिवस मिस्त्रींच्या हाताखाली काम करायचं मी ठरवलंय. आईला अजून सांगितलेलं नाही.