भवभूती : करुण रसाचा कवी आणि शंबूकाचा प्रश्न

भंडारा जिल्हा म्हटले की आपल्याला पवनीचे स्तूप आठवतात. पण याच जुन्या जिल्ह्यातले, १९९९ पासून गोंदियात गेलेले, आमगावजवळचे पदमपूर संस्कृत नाटककार भवभूतीचे गाव मानले जाते, हे आपल्या किती तरुणांना माहीत आहे? वाकाटक ताम्रपटातले पद्मपूर ते हेच, असे संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडले.

भवभूती आठव्या शतकातला. घराणे वेदपाठी ब्राह्मणांचे. वडील नीलकंठ, आई जातूकर्णी. कनौजच्या यशोवर्मन राजाचा त्याला आश्रय होता, अशी नोंद कल्हणाच्या राजतरंगिणीत आहे. त्याची तीन नाटके आज उपलब्ध आहेत. समकालीनांनी त्याची कदर केली नसावी. आपल्याला समजून घेणारा पुढे कधीतरी जन्मेल, अशी आशा त्याने लिहून ठेवली.

'मालतीमाधव' नाटकात प्रेमी जोडप्याला एकत्र आणणारी कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका आहे. ती विद्वान, धोरणी आणि दोन मंत्र्यांची सहाध्यायी आहे. बौद्ध स्त्रीचे असे कर्तृत्ववान चित्र एका ब्राह्मण कवीने रंगवले, याची नोंद आपण घेतलीच पाहिजे.

भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस आहेत, करुण त्यांतला एक. भवभूतीने 'उत्तररामचरित'मध्ये करुण हाच मूळ रस आणि बाकीची त्याचीच रूपे, असा विचार मांडला. भारतीय साहित्यविचारातले हे मोठे धाडस होते.

पण याच नाटकाच्या दुसऱ्या अंकात राम तप करणाऱ्या शूद्र शंबूकाला मारतो. मारताना तो स्वतःच्याच हाताला दोष देतो. मेलेला शंबूक दिव्य रूप घेऊन उठतो, रामाचे आभार मानतो आणि त्याला अरण्य दाखवतो. कवीला वेदना जाणवली, पण तलवार थांबली नाही. उलट हत्येलाच कृपेचे रूप आले.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात याच हत्येकडे बोट दाखवले. शिक्षेच्या धाकाशिवाय चातुर्वर्ण्य टिकत नाही, हे त्यांनी त्यातून दाखवून दिले.

आम्हाला फरक इथेच दिसतो. करुण रस प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणतो. बुद्धाची करुणा दुःखाचे कारण शोधते आणि ते दूर करायला उठते. आज अत्याचाराची बातमी वाचून हळहळणारे पुष्कळ आहेत. पीडित कुटुंबासोबत पोलीस ठाण्यात आणि कोर्टात उभे राहणारे थोडे.

भवभूतीला हवा असलेला वाचक आपणही होऊ या. त्याला वाचू या, पण शंबूकाच्या बाजूने.

जय भीम, नमो बुद्धाय!