बाणेदार नट अँटन वॉलब्रूक

नटाच्या अंगीं बाणेदारपणा किती असूं शकतो, हें अँटन वॉलब्रूक यांच्या चरित्रावरून आम्हांस कळतें. त्यांचा जन्म १८९६ सालीं व्हिएन्ना शहरीं, पिढ्यान्‌पिढ्या नटाचा धंदा करणाऱ्या घराण्यांत झाला. जर्मन चित्रपटांत लौकिक मिळविल्यावर, ज्यूल व्हर्नच्या कादंबरींतील झारच्या जासुदाची एकच भूमिका त्यांनीं जर्मन, फ्रेंच व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत वठविली. इंग्रजी आवृत्तीसाठीं १९३६ सालीं ते अमेरिकेस गेले. मातुःश्री यहुदी, तेव्हां नाझींच्या जर्मनींत परतण्याऐवजीं त्यांनीं इंग्लंडांत आश्रय घेतला, आणि हिटलरचें तें आपलें नांव नको म्हणून 'अडोल्फ' टाकून 'अँटन' हें नांव धारण केलें. १९४१ च्या 'फॉर्टीनाइन्थ पॅरलल' चित्रपटांत नाझींस निर्भय उत्तर देणारा शांतिवादी ख्रिस्ती पुढारी त्यांनीं उभा केला, व आपल्या वेतनांतील अर्धी रक्कम रेडक्रॉस संस्थेस दिली. युद्धानंतर फ्रेंच चित्रपटांत आणि जर्मन दूरचित्रवाणीवरही त्यांनीं कामें केलीं. १९६७ सालीं ते बव्हेरियांत निवर्तले. त्यांच्या अस्थि मात्र लंडनमधील हॅम्पस्टेडच्या चर्चच्या आवारांत विसावल्या आहेत.

परकी भाषा शिकण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थिबंधूंनीं हें चरित्र ध्यानीं ठेवावें. घर सुटलें तेव्हां या नटास भाषेनेंच भाकर दिली, आणि सत्याची बाजूही त्यांनीं त्याच भाषेंत मांडली.