स्वीडनची कोकिळा : जेनी लिंड

आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या चाळून पाहिल्या, तर आंत कोणा खेळाडूचें अथवा गायकाचें चित्र जपून ठेविलेलें पुष्कळदां आढळतें. पालकांस हें रुचत नाहीं. आम्हांस मात्र त्यांत फारसें वावगें दिसत नाहीं. ज्याच्या गुणांनीं मन भारावतें त्याच्यावर प्रेम करणें हा तरुण मनाचा धर्मच आहे. परंतु ज्याच्यावर हजारों लोक असें प्रेम करितात, तो त्या लोकांचें कांहीं देणें लागतो कीं नाहीं, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. जिनें तो स्वतःस विचारला अशा एका गायिकेचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

जेनी लिंड हिचा जन्म स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथें ता. ६ ऑक्टोबर १८२० रोजीं झाला. घरची स्थिति बेताचीच होती. आई मुलींची शाळा चालवीत असे. नऊ वर्षांची जेनी आपल्या मांजरीस गाणीं ऐकवीत बसे. थोर गवयांच्या चरित्रांत आरंभीं एखाद्या थोर गुरूचें नांव येतें. येथें आरंभीं मांजर येते, त्यास आमचा इलाज नाहीं! राजनाट्यगृहांतील एका नर्तकीच्या दासीनें तें गाणें ऐकिलें, आणि त्या योगें या मुलीचा प्रवेश नाट्यगृहाच्या शाळेंत झाला. ता. ७ मार्च १८३८ रोजीं वेबर याच्या एका संगीत नाटकांत नायिकेच्या भूमिकेंत ती उभी राहिली, व अवघ्या सतराव्या वर्षीं सर्व शहराची लाडकी झाली.

लोकांची हौस पुरवितां पुरवितां तिचा गळा शिणला. १८४१ सालीं ती पॅरिस येथें मॅन्युएल गार्सिया या नामांकित शिक्षकाकडे गेली, तेव्हां त्यानें आवाज बिघडून गेल्याचें निदान केलें. दुसरी एखादी जुन्या टाळ्यांच्या आठवणींवर जगली असती. जेनीनें कांहीं आठवडे गाणें अजिबात बंद ठेविलें, आणि मग लहान विद्यार्थिनीप्रमाणें पहिल्या धड्यापासून पुन्हां आरंभ केला. श्रोत्यांपुढें मोडका आवाज घेऊन केवळ नांवावर उभें राहणें तिला मान्य नव्हतें.

पुढें कोपनहेगन, बर्लिन, व्हिएन्ना येथें तिची कीर्ति पसरली. सुप्रसिद्ध कथाकार हान्स अँडरसन हा तिच्यावर अनुरक्त झाला होता. परंतु तिनें त्यास बंधूच मानिलें, आणि खोटी आशा लावून त्यास झुलविलें नाहीं. मे १८४७ मध्यें ती लंडनच्या रंगभूमीवर आली. पहिल्याच खेळास व्हिक्टोरिया राणी उपस्थित होती. दारांशीं अशी चेंगराचेंगरी होऊं लागली कीं, लोक तिला जेनी लिंडचा ज्वर म्हणूं लागले.

आणि मे १८४९ मध्यें, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं, तिनें संगीत नाटकें कायमचीं सोडलीं. चाहत्यांस याचें अतिशय दुःख झालें. त्यांच्या इच्छेविरुद्ध जाण्याचा तिला अधिकार होता काय ? आमच्या मतें होता. जो भक्तांचें ऋण मानतो, त्यानें त्यांचा गुलामही व्हावें असें नाहीं. शिवाय तिनें गाणें सोडिलें नव्हतें. जलशांतून व धार्मिक संगीतांतून ती गातच राहिली.

तिची खरी कसोटी अमेरिकेंत लागली. बार्नम नामक एका खटपटी तमाशेवाल्यानें, तिचें गाणें एकदांही न ऐकतां, दर जलशास १,००० डॉलर देण्याचा करार केला. स्वीडनमध्यें गरिबांच्या मुलांसाठीं मोफत शाळा काढाव्या या हेतूनें तिनें तो स्वीकारिला. सप्टेंबर १८५० मध्यें ती न्यूयॉर्कला उतरली, तेव्हां बंदरावर हजारों लोक लोटले होते. बार्नमनें तिकिटांचा लिलाव मांडिला. पहिलें तिकीट एका टोप्यांच्या व्यापाऱ्यानें २२५ डॉलरांस घेतलें. पुढें बोस्टन येथें पहिलें तिकीट ६२५ डॉलरांवर गेलें! व्यापाऱ्याच्या दुकानाची त्यांत जाहिरात झाली, हें खरें. परंतु ज्या गरीब मनुष्यास केवळ गाणें ऐकावयाचें होतें, त्यानें काय करावें ? हातमोजे, टोप्या, पियानो अशा नाना वस्तूंस जेनीचें नांव देऊन दुकानदार गल्ला भरीत होते तो निराळाच.

जेनीस हें सहन होईना. पुष्कळशीं तिकिटें कमी दरानें विकण्यास तिनें बार्नमचें मन वळविलें. आरंभींच्या जलशांतून आपल्या वांट्यास आलेले सुमारें १०,००० डॉलर तिनें न्यूयॉर्कमधील धर्मादाय संस्थांस वांटून टाकिले. अखेरीस त्याच्या जाहिरातबाजीस कंटाळून १८५१ सालीं तिनें करारांतील हक्कानुसार त्याची संगत सोडिली, आणि उरलेला दौरा स्वतःच्या व्यवस्थेनें पुरा केला. या दौऱ्यांत तिला ३,५०,००० डॉलरांहून अधिक प्राप्ति झाली. ती तिनें दानधर्मांत, मुख्यतः स्वीडनमधील मोफत शाळांसाठीं, खर्च केली.

फेब्रुवारी १८५२ मध्यें पियानोवादक ओटो गोल्डश्मिट याच्याशीं तिचा विवाह झाला. पुढील आयुष्य तिनें बहुतेक इंग्लंडांतच घालविलें. १८८३ पासून कांहीं वर्षें लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्यें तिनें मुलींस गाणें शिकविलें, आणि ता. २ नोव्हेंबर १८८७ रोजीं मॉल्व्हर्न येथें ती निवर्तली.

तिच्या आवाजाचें एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाहीं. मात्र नॉरविच शहरीं तिनें केलेल्या जलशांच्या उत्पन्नांतून आजारी मुलांसाठीं १८५४ सालीं जें रुग्णालय उघडलें, तें पुढें वाढत गेलें; आणि तेथील मुलांच्या रुग्णालयास आजही जेनी लिंडचेंच नांव आहे.