चित्रकलेकडून नांगराकडे

नव्या उद्योगाच्या संस्थापकांत अभियंता हवा, हिशेब पाहणारा हवा, विक्री करणारा हवा, हे कोणालाही पटते. वस्तूचा आराखडा करणारा डिझायनर मात्र बहुधा मागाहून पगारावर नेमला जातो. 'स्टार्टअप' हा शब्द आपल्याकडे रूढ होण्याच्या कितीतरी आधी मराठी मुलखात एक कारखाना असा उभा राहिला, ज्याचा संस्थापकच मुळात आराखडे काढणारा होता. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ती. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे आणि यंत्रांकडे. थोरले बंधू रामुअण्णा यांच्या आधारावर ते १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तेथे त्यांना काही रंग नीट ओळखता येत नसल्याचे ध्यानात आले. चित्रकार होण्याचे स्वप्न तेथेच संपले. पण रेषेवरची हुकमत कायम होती. ते यांत्रिक आरेखनाकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्याची निवड झाली, तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

बेळगावात १८८८ पासून किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान होते. तेथे लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार करण्यास प्रारंभ केला. पारंपरिक लाकडी नांगर जमीन चिरतो. लोखंडी नांगराचा वळणदार पत्रा माती उचलून उलटी करतो आणि हरळीसारख्या तणाची मुळे वर काढतो. सारे गुण त्या वळणात, म्हणजेच आराखड्यात. तरीही लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांना भीती होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली.

या दोन वर्षांतच डिझायनर संस्थापक असण्याचे महत्त्व कळते. पगारी आरेखकाचा न खपणारा नमुना कोणत्याही मालकाने अडगळीत टाकला असता. येथे नमुना आणि नुकसान दोन्ही एकाच माणसाचे होते. म्हणून वाट पाहण्याचे बळही त्याच्याकडे होते.

पुढे बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्यास सांगितले. त्या संकटात औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी, जे स्वतः चित्रकार होते, मदतीस धावले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर ओसाड, निवडुंगाने भरलेली जमीन आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीचा आरंभ झाला.

तेथे लक्ष्मणराव एकटे नव्हते. वसाहतीची व्यवस्था रामुअण्णांकडे होती, यंत्रे चालती ठेवण्याचे काम शंभुअण्णा जांभेकरांकडे, तर हिशेब मंगेशराव रेगे यांच्याकडे. शालेय शिक्षण अपुरे राहिलेले पण कल्पक अनंतराव फळणीकर अभियंत्याचे काम सांभाळीत. पदवीपेक्षा हाताची आणि नजरेची पारख येथे मोठी ठरली, कारण निवड करणाऱ्याने स्वतः आरेखनाच्या फळ्यापाशी उमेदवारी केली होती.

१९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरामागून पंप आले. १९४६ मध्ये पुण्यात तेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग सुरू झाला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

रंग दगा देत असताना ज्याने रेषेचा हात सोडला नाही, अशा माणसाची ही कहाणी आहे. नवा उद्योग काढणाऱ्यांनी संस्थापकांच्या यादीत आराखडा करणाऱ्यासाठी पहिल्या दिवसापासून एक जागा राखावी, एवढे तरी तिच्यातून घेण्यासारखे आहे.