सर आदमजी पीरभाई

पालकहो, आपल्या घोटीच्या तांदळाच्या पेठेत कुणाचा धंदा वाढला की त्याला नजर लागण्याची धास्ती वाटू लागते. हसद खरीच आहे. सूरे फलकमध्ये हसद करणाऱ्यापासून अल्लाहची पनाह मागितली आहे. ती सकाळ-संध्याकाळ अवश्य पढावी. परंतु दुकानाला तावीज बांधायचा आणि जकात मात्र टाळायची, हे आम्हांस पटत नाही. शंभरामागे अडीच रुपये हा गरिबाचा हक्कच आहे.

धोराजीचे आदमजी पीरभाई गरिबीतून मुंबईस आले. रस्त्यावर काड्यापेट्या विकणारा हा बोहरा मुलगा पुढे लष्कराला तंबू पुरवून लक्षाधीश झाला. अशा माणसावर किती डोळे खिळले असतील! पण त्यांनी चर्नी रोडला आजाऱ्यांसाठी सॅनेटोरियम बांधले, सदका-खैरातीत हात आखडला नाही. ज्याच्या घरचा आजारी तिथे बरा झाला, तो शेटजींची हसद करील की त्यांच्यासाठी दुवा मागेल?

१९०७ साली नेरळहून माथेरानला छोटी आगगाडी चढू लागली, तीही त्यांच्याच पैशावर. मेहनत पुत्र अब्दुल हुसेन यांची. त्याच वर्षी कराचीत मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. १९१३ साली त्यांचे निधन झाले.